समोरच्या पानावरचे माप

सर्व सुज्ञ वाचकांस कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका माणसाचा सविनय नमस्कार. पुढील मजकुरात मी माझ्या चौदा वर्षांच्या एका रोगाची हकीकत सांगणार आहे. तो रोग कोणाच्या दिवाणखान्यात आणि कोणत्या कोटामुळे उघडकीस आला, आणि त्यानंतर मी काय करावयाचे साफ नाकारले, तेही क्रमाने सादर करणार आहे. रोगाचे नाव हेवा. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले असल्यामुळे भाषेत कोठे सुरकुती राहिल्यास वाचकांनी ती हाताने सारखी करून घ्यावी. कापड बेतताना आधी मोठे तुकडे कापतात आणि मग लहान. मीही त्याच नियमाने लिहितो.

तर मोठा तुकडा असा की, मला एक साडू आहेत. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. चौदा वर्षांपूर्वी त्यांचे लग्न ठरले, त्या काळी ते कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडण्याची नोकरी करीत. लग्नासाठी त्यांचा आणि माझा असे दोन कोट माझ्याच दुकानात शिवायचे ठरले. साडूंचे माप मी घेतले. माझे माप माझ्या उस्तादांनी घेतले, कारण शिवणारा मनुष्य जगाचे माप घेईल, परंतु स्वतःच्या पाठीवर टेप धरण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही. दोन्ही मापे एकाच दिवशी लिहिल्यामुळे मापवहीत ती समोरासमोर आली. डावीकडे साडू आणि उजवीकडे मी. उंची, छाती, बाही, पाठ, सारे आकडे तंतोतंत सारखे. फरक एकच होता. साडूंच्या पानावर, खांद्याच्या आकड्याशेजारी, मी पेन्सिलीने खाली तोंड केलेला एक बारीक बाण काढलेला होता. बाणाचा अर्थ, डावा खांदा पाऊण इंच खाली. लहानपणी ते शिडीवरून पडले होते आणि हाड तसेच जुळले. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून सांगितले होते, "मास्टर, हे बाहेर जाऊ देऊ नका. होणाऱ्या बायकोलासुद्धा नीट माहीत नाही." मी कोटाच्या डाव्या खांद्यात पाऊण इंचाची जादा गादी भरली आणि मांडवात साडू पट्टीसारखे सरळ उभे राहिले.

आता रोगाविषयी. लग्नानंतर साडूंनी तयार कपड्यांचे एक छोटे दुकान काढले, त्याचे मोठे झाले, मोठ्याचे दोन मजली शोरूम झाले. माझे दुकान जिन्याखाली होते आणि जिन्याखालीच राहिले. कोणी हातपाय पसरले तर माझे काही जात नव्हते. परंतु कोणत्याही गिऱ्हाइकासाठी मापवही उघडली, की माझे बोट आपोआप त्या दोन पानांवर जाई. छाती अडतीस त्यांची, अडतीस माझी. उंची तेवढीच. मग त्यांना जे मिळाले ते मला का नाही? हा प्रश्न मी त्या पानाला किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. त्यांच्या घरी नवीन खुर्च्या आल्या की मला आमच्या खुर्च्या टोचू लागत. त्यांना मुतखडा झाला तेव्हा, सांगावयास लाज वाटते, मला दोन दिवस उत्तम झोप लागली. तिसऱ्या दिवशी कळले की तो खडा फार मोठ्या डॉक्टरने काढला, आणि माझे पुन्हा बिनसले.

पत्नी काजे-बटणे आणि हातशिलाई करते. तोंडात दोरा असला तरी तिची जीभ मोकळी असते. एकदा ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा तुम्ही जेवढा विचार करता ना, तेवढा माझा केला असतात तर मी आज राणी असते."

"राणी नाही तर काय आहेस?"

"मी? मी अस्तर. आत असतं, दिसत नाही, आणि उसवलं की मगच आठवण होते."

वाचकांना येथे एक गंमत सांगणे आवश्यक आहे. ज्या माणसाच्या शोरूममध्ये हजारो तयार कोट टांगलेले होते, त्या माणसाला त्यांपैकी एकही कोट बसत नसे. कारखान्यात कोट शिवतात ते दोन्ही खांदे सारखे धरून. त्यामुळे साडू दर दीड-दोन वर्षांनी कापड घेऊन माझ्याकडेच येत. भर दुपारी, गल्ली निजलेली असताना येत, आत शिरताच शटर अर्धे खाली ओढत, आणि म्हणत, "लेबल नका लावू हं, मास्टर." असे आठ कोट मी त्यांना शिवले. घरच्यांना वाटे, शोरूममधला निवडक माल अंगावर आहे. हे सारे मला ठाऊक असूनही मी त्यांचाच हेवा करीत राहिलो. जळणाऱ्याला उजेड दिसत नाही, फक्त धूर दिसतो.

शेवटी मी ठरवले की आपणही तयार कपड्यांचे दुकान काढायचे. जिन्याखालची जागा मोकळी करायची, दोन्ही मशिनी विकायच्या, कापण्याचे टेबल मोडायचे आणि काचेचा दरवाजा बसवायचा. जुन्या मशिनींच्या व्यापाऱ्याला सोमवारी दहाला बोलावले. पाटी रंगवणाऱ्याकडे गेलो.

त्याने विचारले, "लांबी किती धरू?"

मी म्हणालो, "साडूंच्या पाटीपेक्षा एक फूट जास्त."

"तुमच्या दुकानाची रुंदी किती आहे?"

"ते नंतर बघू."

साडूंच्या पाटीची लांबी मी आधीच काढून आणलेली होती. त्यांच्या शोरूमसमोर वाकून, बुटाची लेस बांधल्याचे सोंग करीत, फुटपाथवर पावले मोजली होती. दोन वेळा मोजली. दुसऱ्या वेळी दरवाजावरचा पहारेकरी म्हणाला, "काका, लेस बदला आता, सारखी सुटतेय."

ही बातमी मी पत्नीला सांगितली तेव्हा ती काज करीत होती. तिने सुई थांबवली नाही. एवढेच विचारले, "मशिनी गेल्यावर मी काय करायचं?"

"काउंटरवर बसायचं. मालकीण म्हणून."

"मला बसायला कधी आवडलंय?" ती म्हणाली, आणि उठून मशिनीवरची धूळ पुसू लागली. त्या मशिनीवर धूळ कधीच नसते.

रविवारी सासूबाईंना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. साडूंच्या नव्या घरी सारे जमणार होते. नव्या दुकानाची घोषणा तेथेच, साडूंच्याच दिवाणखान्यात करावी असा माझा बेत होता. त्यासाठी माझ्याकडे उत्तम गडद निळ्या कापडाचा एक तुकडा जपून ठेवलेला होता. एका कोटापुरताच होता. आठवडा आधी, दुपारी, मी तो टेबलावर पसरला, मापवही उघडली आणि खडू उचलला.

माझे दिवंगत उस्ताद सांगत, "आधी पानाच्या डोक्यावरचं नाव वाच, मग कात्री उचल." तीस वर्षे मी हा नियम पाळला. त्या दिवशी नाव वाचले नाही. स्वतःचाच कोट, त्यात नाव ते काय वाचायचे? डोळे चौदा वर्षांच्या सवयीने ज्या पानावर जात, त्याच पानावर गेले. आकडे ओळखीचे होते, हाताला पाठ होते. कात्री चालली, खांद्यात गाद्या बसल्या, मशीन धावली. शिवताना माझ्या मनात कापड नव्हते. साडूंचा चेहरा घोषणा ऐकून कसा पडेल, एवढेच होते.

पत्नी आईला मदत करायला शनिवारीच पुढे गेली होती, त्यामुळे अंगावर घालून बघा म्हणणारे कोणी नव्हते. माझ्या दुकानातला आरसा छातीपासून पोटापर्यंतच दाखवतो, वरचा भाग फुटलेला आहे. रविवारी कोट चढवला आणि निघालो. वाटेत मानेजवळ काही तरी ओढत होते. मला वाटले, नवा आहे, बसेल.

दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसे होती. मधोमध सोफ्यावर सासूबाई, शेजारी केक. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे काय?"

"काय झालं?"

"एकच खांदा का उडवताय? मी तुम्हाला काही विचारलंसुद्धा नाही अजून, आणि तुम्ही आधीच 'मला काय त्याचं' म्हणून मोकळे!"

हशा झाला. मी खिडकीच्या काचेत पाहिले. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच वर उभा होता, जणू कोणी तरी मागून हँगरला उचलून धरले आहे. त्या क्षणी मला पान दिसले. डावीकडचे पान, आणि त्यावरचा तो बारीक बाण.

मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, अहो तुम्ही एवढे मास्टर, आणि स्वतःचाच कोट असा?"

साडू पुढे आले. अंगावर राखाडी कोट होता. हातात कप. "नाचता येईना अंगण वाकडं!" ते मोठ्याने म्हणाले. "मास्टर, हा शिवायचा उद्योग आता बंद करा. उद्या शोरूममध्ये या, अंगाला बसेल असा काढून देतो एक. आमच्याकडे सगळ्यांच्या मापाचं मिळतं!"

पुन्हा हशा. वाचकहो, "सगळ्यांच्या?" हा एकच शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तो बाहेर पडता तर मागोमाग सगळे पडले असते. शिडी, हाड, बाण आणि अर्धे ओढलेले शटर. चौदा वर्षांचे उट्टे एका दमात निघाले असते. मी त्यांच्या डाव्या खांद्याकडे पाहिले.

खांदा सुरेख बसला होता. एक सुरकुती नव्हती. कॉलर मानेला अशी बिलगली होती की बोटाचे नखसुद्धा आत जाऊ नये. लेपलच्या, म्हणजे छातीवरच्या दुमडीच्या, काठावर माझ्या पत्नीचे हातटाके होते, तांदळाच्या कणीएवढे, एका ओळीत. त्या खोलीत वीस माणसे तयार कपडे घालून उभी होती. कोणाची बाही लोंबत होती, कोणाची पाठ फुगलेली होती. पट्टीसारखा सरळ दिसणारा मनुष्य एकच होता, आणि त्याला सरळ मी केले होते. हे माझे काम. आणि हेच काम मी उद्या दहाला एका व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवणार होतो, कशासाठी, तर लोंबणाऱ्या बाह्या विकण्यासाठी!

मी कोट काढला. "बघू, कुठं चुकलंय," असे म्हणत साडूंनी कप ठेवून तो हातात घेतला आणि चार जणांना दाखवावा तसा वर धरला. त्यांची बोटे डाव्या खांद्यावर गेली आणि थांबली. गादीची जाडी त्यांना ओळखीची होती. त्यांनी कोट हळूच खाली घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. गिऱ्हाइकाची अशी नजर मी फक्त ट्रायलच्या पडद्यामागे पाहिलेली आहे.

मेव्हणीने विचारले, "म्हणजे हा दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे का? कुणाच्या?"

साडूंनी कोटाची घडी घालायला घेतली.

मी म्हणालो, "कुणाचा का असेना. टेप जे बघते ते टेपच्या पोटात राहतं. माझ्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी शपथ नाही. मी चुकीचं पान उघडलं, एवढंच खरं."

"पण तुम्ही? इतके जुने?"

"इतका जुना म्हणूनच. चौदा वर्षं तेच पान उघडतोय." मी नुसत्या शर्टावर उभा होतो आणि मला फार हलके वाटत होते. "आणि ऐका सगळ्यांनी. मी आज इथं दुकान बंद करतोय असं सांगायला आलो होतो. तयार कपड्यांचं काढणार होतो, साडूभाऊंच्या वर एक फूट. नाही काढत. मशिनी विकत नाही. जिन्याखाली आहे, जिन्याखालीच बसणार. ज्याचं अंग कारखान्याच्या मापात बसत नाही, त्यानं माझ्याकडे यावं. आणि अशी माणसं थोडी नाहीत, हे मला ठाऊक आहे!"

सर्वांच्या आधी हसली ती माझी पत्नी. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चमचे. हसता हसता तिने चमचे टेबलावर टाकले.

आता वाचकांस वाटेल की साडू विरघळले असतील, त्यांनी मला मिठी मारली असेल. तसे काही झाले नाही. गुपित सुरक्षित आहे असे दिसताच त्यांच्या तोंडावर रंग परत आला आणि ते म्हणाले, "कोल्ह्याला द्राक्षं आंबट!"

"आंबट की गोड, ते तुम्ही खाऊन ठरवा," मी म्हणालो. "मी वेलाकडे बघायचं सोडलं."

सासूबाईंनी सुरी उचलली. "आता मला केक कापू द्याल की त्याचंही माप घ्यायचंय?"

घरी परतताना पत्नीने कोट हातावर टाकलेला होता. दुकानापाशी ती थांबली, कुलूप उघडले, दिवा लावला आणि म्हणाली, "उभे राहा."

"कशाला?"

"माप. तुमचं माप मेलेल्या माणसानं घेतलेलं आहे, आणि तेही चौदा वर्षांपूर्वी. उभे राहा म्हणते ना."

तिने टेप धरली. मी तिला आकडे कसे वाचायचे ते सांगू लागलो तर म्हणाली, "वीस वर्षं ऐकतेय, गप्प बसा." छाती झाली, पाठ झाली, बाही झाली. कंबरेपाशी आली आणि टेपकडे बघत राहिली.

"काय आलं?"

"खरं लिहू की मन राखू?"

"खरं लिही."

"मग वहीला पान पुरेल का बघा." तिने लिहिले. चौतीस होते ते अडतीस झालेले होते. चौदा वर्षे मी ज्या आकड्यांवरून साडूंशी बरोबरी करीत होतो, ते आकडे माझेसुद्धा राहिलेले नव्हते. नवे माप तिने वहीच्या अगदी शेवटी लिहिले. समोरचे पान कोरे आहे. तेथे कोणालाही लिहायचे नाही असे तिने मला बजावले आहे.

साडूंचे पान मी फाडले नाही. ते गिऱ्हाइकाचे आहे, माझे नाही.

सोमवारी दहाला व्यापारी टेम्पो घेऊन आला. पत्नी एका मशिनीवर बसली होती, मी दुसऱ्या.

"काय हे मास्टर, मी हमाल घेऊन आलो ना!"

"मग त्यांची मापं घेतो. विजारी उसवल्यात दोघांच्याही."

तो पुष्कळ बोलला. मी शब्दाला जागलो नाही हे खरे आहे, आणि त्याबद्दल मी त्याची माफी मागितली. मशीन मात्र दिली नाही. हमालांच्या विजारी त्यांनी टेम्पोत बसूनच काढून दिल्या आणि मी तेवढ्यात शिवून दिल्या.

पाटी तयार होऊन आली, कारण रंगवणारा ऐकेना. साडूंच्या पाटीपेक्षा ती एक फूट लांब होती, आणि माझ्या दुकानापेक्षा दोन फूट. मी ती उलटी केली आणि तिचे कापण्याचे टेबल केले. इतके लांब टेबल या गल्लीत कोणाकडे नाही. ते दाराबाहेर डोकावते आणि येणाऱ्याच्या मांडीला लागते, परंतु त्यावर पूर्ण कोटाचे कापड सपाट पसरता येते.

पुढे दोन महिन्यांनी, भर दुपारी, साडू कापड घेऊन आले. आत शिरून त्यांनी सवयीने शटरला हात घातला.

मी म्हणालो, "ते वरच राहू द्या."

"अहो, कोणी बघेल."

"ट्रायलला पडदा आहे. पडद्याच्या आत तुमचं राज्य. पण माझ्या दुकानात येताना लाज वाटत असेल तर येऊ नका. आणि ह्या कोटाला लेबल लागणार."

"मास्टर, फार माजलात."

"थोडासा. कंबर चार इंच वाढलीय, जागा झाली."

ते कापड घेऊन तरातरा निघून गेले. टेबल त्यांच्या मांडीला लागले. तीन दिवसांनी परत आले, थेट पडद्यामागे गेले आणि हात पसरून उभे राहिले. शटर वर होते. मी पानाच्या डोक्यावरचे नाव वाचले, मग बाण पाहिला, आणि काम सुरू केले. लेबल आत, खिशाच्या वर, दोन बाजूंनी पक्के शिवले.

रोग समूळ गेला असे मी खोटे लिहिणार नाही. शोरूमवरून जाताना नजर अजूनही पाटीकडे वळते. परंतु मी आता बिनलेसचे बूट घेतलेले आहेत. वाकून थांबण्याची सोयच ठेवलेली नाही. आणि तो निळा कोट मी दुरुस्त केलेला नाही. दुकानाच्या दारात टांगलेला आहे, डावा खांदा तसाच उडवून. कोणी विचारले, "मास्टर, अमुक माणूस बघा कुठल्या कुठे गेला, तुम्ही मात्र इथेच," तर मी तोंडाने उत्तर देत नाही, टेप गळ्यात टाकतो आणि त्या कोटाकडे बोट दाखवतो.

येथे माझी हकीकत संपते. ती शेवटपर्यंत वाचण्यासाठी आपण जो वेळ मोडलात, त्याबद्दल मी आणि हस्ताक्षर सुधारून देणारी माझी पत्नी, आम्ही दोघे आपले मनःपूर्वक आभारी आहोत.

आपला नम्र,
कानामागे सदैव खडू असल्यामुळे गल्लीत ज्यास म्हणतात तो,
खडूमास्तर
जिन्याखालचे दुकान, शटर पूर्ण वर